गोंदण : खूण कोणाची, अर्थ कोणाचा?

मनुष्य आपल्या अंगावर जे जे धारण करतो, त्यांतले बहुतेक उतरवून ठेवता येते. वस्त्र फाटले की टाकावे, दागिना अडीनडीला मोडावा, टिळा पुसावा, गंडादोरा सोडून ठेवावा. गोंदण मात्र एकदा अंगात शिरले की माणसाबरोबर म्हातारे होते आणि माणसाबरोबरच चितेवर चढते. अलीकडे लेसर किरणांनी ते फिके करता येते हे खरे. पण तो उपचार खर्चाचा, वेदनेचा आणि पुष्कळदा अपुरा ठरतो. म्हणून कोणती खूण गोंदवून घ्यावी, हा प्रश्न वरवर हौसेचा वाटला तरी मुळात गंभीर आहे.

हा प्रश्न आज पुन्हा घरोघरी येऊन ठेपला आहे. आजीच्या पिढीत कपाळावर, हनुवटीवर आणि हातावर गोंदण असणे ही साधी रीत होती. आईच्या पिढीला शाळा-कचेऱ्यांतून वावरताना तेच गोंदण गावंढळ वाटू लागले. आणि आता नात शहरातल्या टॅटूच्या दुकानात जाऊन हात पुढे करते आहे. फरक एवढाच, की आजीला ‘कोणते काढू?’ असे कोणी विचारले नव्हते. नातीपुढे मात्र शेकडो नमुने मांडलेले असतात आणि तिला त्यांतून काहीतरी ‘अर्थपूर्ण’ निवडायचे असते. अर्थपूर्ण म्हणजे काय, हे तिला कोणी सांगत नाही. दुकानदार फार तर सांगतो, की कमळ म्हणजे पावित्र्य, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, नांगर म्हणजे स्थैर्य. जणू अर्थ ही चित्राला चिकटवलेली चिठ्ठीच आहे!

इतिहास पाहू गेल्यास निराळेच दिसते. खुणेचा अर्थ खुणेत नसतो. ती कोणी निवडली, ती कोणाला वाचता येते आणि ती अंगावर घेऊन पुढे कोण कसा वागतो, या तीन गोष्टींतून तो घडतो. याच तीन प्रश्नांच्या आधाराने आपण गोंदणाच्या इतिहासातली काही प्रकरणे पाहू.

आरंभ फार जुना आहे. १९९१ साली आल्प्स पर्वतात, इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेजवळ, बर्फात गोठलेले एका पुरुषाचे प्रेत सापडले. हा मनुष्य सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या अंगावर ६१ खुणा मोजल्या गेल्या आहेत. त्यांत देव नाही, प्राणी नाही. नुसत्या रेघा आणि फुल्या. त्यांपैकी पुष्कळशा कंबर, गुडघे, घोटे अशा ठिकाणी आहेत आणि त्याचे सांधे झिजलेले होते. म्हणून हे गोंदण दुखण्यावरचा उपाय असावे, असा पुष्कळ अभ्यासकांचा तर्क आहे. साधारण त्याच काळातल्या इजिप्तमधील एका पुरुषाच्या दंडावर रानटी बैल आणि मेंढा यांची चित्रे आहेत, हे २०१८ साली अवरक्त किरणांच्या साहाय्याने उघड झाले. एकाने वेदनेवर रेघ ओढली, दुसऱ्याने दंडावर जनावराचे बळ रेखले. पाच हजार वर्षांपूर्वीही माणसे अंगावर काय काढावे याची निवड करीत होती, एवढे यावरून स्पष्ट होते.

खूण तीच असूनही अर्थ कसा उलटतो, याचा दाखला प्राचीन ग्रीसमध्ये मिळतो. ग्रीक लोक गुलामांच्या आणि गुन्हेगारांच्या अंगावर गोंदत. त्या खुणेला त्यांच्या भाषेत ‘स्टिग्मा’ म्हणत. पुढे युरोपीय भाषांत या शब्दाचा अर्थच कलंक असा झाला. पण त्याच ग्रीकांच्या शेजारी राहणाऱ्या थ्रेस देशच्या लोकांत गोंदण हे कुलीनतेचे लक्षण मानले जाई आणि ज्याच्या अंगावर ते नाही तो हलक्या कुळातला समजला जाई, असे हिरोडोटसने नोंदवले आहे. सुई तीच, काजळी तीच. सीमेच्या एका बाजूला जो डाग, तो दुसऱ्या बाजूला मान!

आता आपल्या अंगणात येऊ. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गोंदणारीण फिरत येई. ती बहुधा एखाद्या भटक्या जमातीतली असे. दिव्याची काजळी धरायची, ती पाण्यात किंवा पाल्याच्या रसात, क्वचित आईच्या दुधात कालवायची, तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या आणि टोचत टोचत आकृती उठवायची. मुलीचा हात तिची आई किंवा आजी धरून ठेवी. गोंदणारीण गाणे म्हणे. ते पोरीचे मन दुसरीकडे लागावे म्हणून. काम झाले की वरून हळद लावायची आणि गोंदणारणीच्या ओटीत पसाभर धान्य किंवा जुने लुगडे घालायचे.

या आकृत्या कोणत्या? कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके, कपाळावर चंद्रकोर; हातावर तुळस, स्वस्तिक, कमळ, मोर, विंचू. पुरुषांच्या दंडावर मारुती. विंचू काढला की विंचवाचे विष बाधत नाही आणि मारुती काढला की दंडात बळ येते, अशी समजूत. या आकृत्यांकडे नीट पाहिले तर त्या अनोळखी वाटत नाहीत. पहाटे सडा घालून अंगणात ज्या काढतात, देवघरापुढे ज्या उमटवतात, त्यांच्याच या सख्ख्या बहिणी. रांगोळी रोज पुसते आणि रोज नव्याने काढावी लागते. गोंदण ही न पुसणारी रांगोळी. तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नसे, कारण साऱ्या गावाला ती लिपी येत होती. ज्या बाईला अक्षराची ओळख नव्हती तिच्या अंगावरही हा मजकूर होता, आणि तो वाचणारे तिच्या चारी बाजूंना होते.

पुढे नावे गोंदण्याची चाल वाढली. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, असा ज्या समाजात दंडक होता त्याच समाजात ते नाव हातावर गोंदवून घेतले जाई. जिभेला जे मना, ते कातडीला मोकळे! लोकसमजूत अशी, की सगळे दागिने इथेच राहतात, बरोबर येते ते गोंदण तेवढे. आणि ज्याच्या अंगावर ते नाही त्याला यमाच्या दारी जाब द्यावा लागतो. गरिबाच्या घरी सोने नव्हते. तेव्हा चोराला नेता न येणारा, सावकाराकडे गहाण पडू न शकणारा हा एकच अलंकार तिच्या हक्काचा होता. आणखीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नवरा वारला की बाईचे कुंकू पुसत, बांगड्या फोडत, मंगळसूत्र काढून घेत. कपाळावर गोंदलेला ठिपका मात्र कोणालाही पुसता येत नसे.

पण म्हणून या जुन्या रीतीचे नुसते गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तिच्यात अर्थ होता, वाचकही होते. परंतु निवड नव्हती. आठ-दहा वर्षांच्या मुलीला धरून बसवीत, ती रडे, कधी जखम चिघळे. नको म्हणण्याची मुभा तिला नव्हती. समाजाने दिलेली खूण माणसाला आपल्यात सामावून घेते हे जितके खरे, तितकेच ती त्याला जखडूनही टाकते हे खरे. गोंदण सोडून देणाऱ्या आईच्या पिढीने नुसती लाज बाळगली असे नाही; आपल्या मुलीच्या कातडीवर आपला हक्क नाही, असेही त्यांच्यातल्या कित्येकींना वाटले असेल. त्या विचारालाही मान दिला पाहिजे.

खूण वाचता येणे म्हणजे काय, याचे याहूनही स्पष्ट उदाहरण पाहायचे तर न्यूझीलंडच्या माओरी लोकांकडे जावे लागते. ‘टॅटू’ हा शब्दच मुळी पॉलिनेशियन बेटांवरचा. १७६९ साली कॅप्टन कुकचे जहाज ताहिती बेटाला लागले आणि तिथला ‘ताताऊ’ हा शब्द खलाशांबरोबर इंग्रजीत गेला. माओरी लोक हे याच पॉलिनेशियन वंशाचे. त्यांच्या चेहऱ्यावरील गोंदणाला ‘मोको’ म्हणतात. त्याची वळणे म्हणजे नक्षी नव्हे. त्यांत घराणे, पूर्वज, पद आणि कर्तृत्व यांची नोंद असते.

१८२६ साली ते पेही कुपे नावाचा एक माओरी सरदार इंग्लंडात लिव्हरपूल येथे गेला होता. त्याचे चित्र काढण्यात आले, तेव्हा नाकडोळे कसे उतरले याची त्याला फारशी पर्वा नव्हती. मोकोची रेघ न् रेघ बिनचूक हवी, हा त्याचा आग्रह होता. त्याने स्वतः आरसा न घेता आपल्या चेहऱ्यावरचा मोको कागदावर काढून दाखवला. इतकेच नव्हे, तर आपल्या भावाचा आणि मुलाचाही. युरोपीय माणूस आपले नाव लेखणीने लिहितो, आपले नाव मात्र इथे आहे, अशा अर्थाचे काहीसे बोलून तो कपाळाकडे बोट दाखवी. ही बढाई नव्हती. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वायतांगी येथे इंग्रजांशी तह झाला, तेव्हा काही सरदारांनी सहीच्या जागी आपल्या मोकोचा भाग रेखाटला.

याच मोकोची दुसरी बाजू भीषण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय व्यापाऱ्यांना गोंदलेली, वाळवून टिकवलेली माओरी मस्तके संग्रहासाठी हवी होती आणि त्यांच्या बदल्यात ते बंदुका देत. हा व्यापार इतका माजला, की १८३१ साली न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरला त्यावर बंदी घालावी लागली. ज्यांना ती लिपी वाचता येत नव्हती त्यांना तिच्यात नुसती नक्षी दिसली. आणि मग त्या नक्षीखालचा माणूस दिसेनासा झाला. पुढे ही प्रथा फार क्षीण झाली. आता ती पुन्हा उभी राहिली आहे. २०२० मध्ये न्यूझीलंडच्या परराष्ट्रमंत्रिपदी आलेल्या नानाइया माहुता यांच्या हनुवटीवर आपल्या वंशाचा मोको होता. आज तिथले पुष्कळ कारागीर एक विवेक पाळतात. माओरी नसलेल्या माणसाला ते त्या शैलीची आकृती काढून देतात, पण तिला मोको न म्हणता ‘किरितुही’, म्हणजे कातडीवरचे रेखाटन, असे म्हणतात. सौंदर्य घे, वंशावळ घेऊ नकोस, असाच त्याचा अर्थ.

आतापर्यंत समाजाने दिलेल्या खुणा पाहिल्या. सत्तेने लादलेल्या खुणांची गोष्ट याहून कडू आहे, आणि तीही आपल्या देशातली आहे. १७९७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने बंगाल इलाख्यात असा कायदा केला, की जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदावा. उद्देश हा, की कैदी पळाला तरी ओळखू यावा. सरकारी कागदपत्रांत या शिक्षेला शब्द योजला तो ‘गोदना’. घरोघरच्या लेकीबाळींच्या अलंकाराचाच शब्द. अलंकाराची सुई अशी सरकारी शिक्षा झाली. पण कपाळे माणसांची होती. कैदी पागोटे भुवयांपर्यंत ओढीत, कपाळावर केस वाढवीत. सरकारने लिहिलेला मजकूर झाकून ठेवण्याची ही त्यांची धडपड पन्नास वर्षे चालली. १८४९ साली ही शिक्षा रद्द झाली.

विसाव्या शतकात याच क्रूरपणाने याहून मोठे रूप घेतले. १९४१ पासून नाझींनी आउश्वित्झच्या छळछावणीत कैद्यांच्या अंगावर क्रमांक गोंदण्यास आरंभ केला. पुढे तो डाव्या हातावर गोंदण्याची पद्धत पडली. त्या छावणीत सुमारे चार लाख बंद्यांना क्रमांक दिले गेले. ज्यांना थेट विषारी वायूच्या कोठड्यांकडे नेले त्यांना क्रमांकही मिळाला नाही. नाव काढून घेऊन आकडा देणे, हा त्या गोंदणाचा एकमेव अर्थ. वाचलेल्यांपैकी कित्येकांनी पुढे आयुष्यभर बाह्या लांब ठेवल्या. परंतु अलीकडे एक विलक्षण गोष्ट घडली आहे. वाचलेल्यांच्या काही मुलांनी आणि नातवंडांनी आपल्या आजोबांचा किंवा आजीचा तोच क्रमांक स्वतःच्या हातावर स्वेच्छेने गोंदवून घेतला. त्यावर मतभेद झाले, आणि ते स्वाभाविक आहेत. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हे उदाहरण निर्णायक आहे. अंक तेच, हाताची जागा तीच. आजोबांच्या हातावर ते अंक माणूस पुसण्यासाठी होते. नातवाच्या हातावर ते माणूस विसरला जाऊ नये म्हणून आहेत. बदलले काय? निवडणारा हात, आणि त्यामागची जबाबदारी.

निवड, वाचक आणि वर्तन ही तिन्ही ज्यात एकवटली आहेत असे उदाहरण आपल्या शेजारी छत्तीसगडात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तेथील चारपारा गावच्या परसुराम नावाच्या गृहस्थाने रामनामी पंथाला आरंभ केला. त्याचे अनुयायी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले. देवळाची पायरी त्यांना बंद, मूर्तीचे दर्शन बंद. तेव्हा त्यांनी रामाचे नाव स्वतःच्या अंगावरच लिहिले. कोणी कपाळावर, कोणी साऱ्या चेहऱ्यावर, आणि कोणी नखशिखान्त. ते रामनामाने भरलेली चादर पांघरतात, मोरपिसांचा मुकुट घालतात आणि भजन करतात. ज्याला देवळात येऊ दिले नाही तो स्वतःच देऊळ झाला.

ही खूण किती विचारपूर्वक निवडलेली होती, हे पाहण्यासारखे आहे. ती देशातल्या कोणालाही वाचता येणारी होती. ज्या सवर्णाला ती शिवायला नको होती, त्याच्याच तोंडी रोज ते नाव होते. त्या अंगाची विटंबना करावी तर नामाची विटंबना होते. आणि ती घेणाऱ्यावर बंधनही होते : मद्यमांस नको, खोटे नको. नुसते गोंदून भागत नव्हते; नावाला जागावे लागत होते. आज या पंथातले बहुतेक तरुण सर्वांगावर गोंदवून घेत नाहीत. नोकरीधंद्यासाठी परगावी जावे लागते, तिथे लोक टक लावून पाहतात. त्यांना दोष देता येणार नाही. पूर्वजांनी जे स्वातंत्र्य मिळवले त्यात न गोंदण्याचेही स्वातंत्र्य येते.

महाराष्ट्रातही याच जातीची एक खूण दिसते. हातावर ‘जय भीम’ गोंदवून घेणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती दोन शब्दांची हौस नव्हे. ज्या समाजाच्या अंगावर दुसऱ्यांनी शतकानुशतके न दिसणारी खूण गोंदली होती, त्याने स्वतः निवडलेली दिसणारी खूण आहे ती.

आता दुकानात बसलेल्या आपल्या नातीकडे वळू. १८९१ साली अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले गेले आणि या कलेचा वेग वाढला. पुढे आपल्या जत्रांतूनही यंत्रवाले बसू लागले. जे काम सकाळभर चाले ते मिनिटांवर आले. हात जलद झाला की विचारही उथळ व्हावा असे काही नाही; पण तसे होण्याचा मोह मात्र वाढतो. जपानी अक्षर, माओरी वळण, संस्कृत श्लोक, प्रेयसीचे नाव : सगळे एकाच वहीत, एकाच भावात.

तिने काय काढावे हे सांगणारे आम्ही कोण? पण इतिहासाने दिलेले तीन प्रश्न तिच्या हाती ठेवता येतील. पहिला : ही खूण मी निवडते आहे, की मैत्रिणीने, नटाने, क्षणाच्या लहरीने माझ्यासाठी निवडली आहे? दुसरा : ही कोणाला वाचता येते, आणि ज्यांची ती आहे त्यांना माझ्या अंगावर ती पाहून काय वाटेल? २०१४ साली दंडावर बुद्धाची प्रतिमा गोंदवलेल्या एका ब्रिटिश प्रवासी स्त्रीला श्रीलंकेत अटक करून परत पाठवण्यात आले. पुढे २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई देवविली, म्हणजे चूक अधिकाऱ्यांची ठरली. तरी एकीची भक्ती दुसऱ्याला अवमान वाटू शकते, हे त्यावरून कळावे. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : ही खूण अंगावर घेऊन मी कशी वागणार? आईचे नाव गोंदवून घेणे सोपे आहे. आईच्या म्हातारपणी तिच्या उशाशी बसणे, हा त्या गोंदणाचा अर्थ आहे.

याखेरीज चौथी, व्यवहाराची गोष्ट. सुई नवी आणि निर्जंतुक आहे ना, हे पाहावे. उष्ट्या सुईने कावीळ आणि एड्स यांसारखे रोग रक्तात शिरतात. गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. सैन्यभरतीतही गोंदण कुठे आहे हे पाहिले जाते. ज्याला पुढे या वाटा चालायच्या आहेत त्याने आधीच चौकशी करावी.

शेवटी विज्ञानाने सांगितलेली एक गोष्ट. शाई कातडीत कायमची राहते ती कशी? वाटे, की ती ज्या पेशींत शिरते त्या पेशीच जन्मभर टिकत असाव्यात. २०१८ साली फ्रेंच संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून निराळेच दाखवून दिले. शाई गिळून बसलेली पेशी मरते, शाई मोकळी होते, आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी ती पुन्हा उचलून घेते. म्हणजे कातडीवरची अचल दिसणारी खूण प्रत्यक्षात एका पेशीने दुसरीच्या ओंजळीत घातलेली ठेव आहे.

खुणेच्या अर्थाचेही तसेच आहे. आजीच्या तुळशीचा अर्थ ती वाचणारे गाव होते तोवर टिकला. रामनामाचा अर्थ त्याला जागणारी माणसे होती म्हणून टिकला. ज्या घरात अजून गोंदलेली म्हातारी आहे, त्या घरातल्या मुलांनी नमुन्यांची वही उघडण्यापूर्वी एकदा तिचा हात हातात घ्यावा आणि प्रत्येक ठिपक्याचे नाव तिला विचारावे. त्यानंतर गोंदवून घ्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.